कौल आणि खल

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी गाडी टिटवाळ्यानंतर खडवलीला थांबते, तेव्हा सुटीच्या दिवशी तिच्यातून उतरणाऱ्या बहुतेकांची पावले भातसा नदीच्या पात्राकडे वळतात. माझी पावले मात्र गेली कित्येक वर्षे त्याच वाटेने निघून, नदी यायच्या अलीकडेच, एका जुन्या कौलारू घराच्या पडवीशी थांबत आली आहेत. शहापूर तालुक्यातील ज्या शाळेत मी बाराखडी गिरवली तेथले माझे गुरुजी निवृत्तीनंतर या घरात राहतात, आणि त्यांच्या शेजारी, कल्याणच्या न्यायालयात चाळीस वर्षे वकिली करून शहराच्या गजबजाटाला विटलेले एक वकीलसाहेब राहतात. दोघांचेही वय पंच्याहत्तरीच्या पुढचे; स्नेह गाढ, आणि मतभेद त्या स्नेहाइतकाच जुना. २०२५च्या प्रजासत्ताक दिनी, राज्यघटनेचा अंमल सुरू होऊन पंचाहत्तर वर्षे पुरी झाली त्या दिवशी, दुपारच्या गाडीने मी तेथे पोचलो तेव्हा त्यांच्यात जे बोलणे चालू होते ते मला जमेल तितक्या विश्वासूपणे येथे उतरवीत आहे. कारण घटनेचा विचार ज्यांना घटना कळते त्यांनीच करावा, हे माझे तोवरचे पक्के मत त्या बोलण्याने जागचे हलले.

गुरुजी नुकतेच झेंडावंदनाहून परतले होते. "मुलांनी आज उद्देशिका फार स्वच्छ म्हटली," ते सांगत होते, "आणि ती ऐकताना माझ्या मनात आले की, ज्या दस्तऐवजाचा आरंभच ‘आम्ही’ या शब्दाने होतो, त्यात बदल करण्याची वेळ येते तेव्हा हे ‘आम्ही’ कोठे असतात? माझ्या सातबाऱ्यावर फेरफार घालायचा झाला तर तलाठी मला नोटीस बजावतो, ती चावडीवर लावतो, आणि हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत देतो. गुंठाभर जमिनीच्या बाबतीत माझे म्हणणे ऐकून घेणे सरकारला आवश्यक वाटते. आणि ज्या घटनेच्या आधारावर माझे सगळे हक्क उभे आहेत, तिच्या फेरफाराची मला खबरही नसते."

"गुरुजी, सातबारा तुमच्या एकट्याचा असतो," वकीलसाहेब म्हणाले. "घटना तुमची जितकी आहे तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, ज्याचे म्हणणे गावाने कधी ऐकून घेतले नाही त्याची आहे. म्हणूनच तिच्यात बदल करण्याचा अधिकार कलम ३६८ने संसदेकडे सोपवला, आणि तोही साध्या बहुमताच्या हाती नव्हे. प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत हवे, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश हवेत, आणि राज्यांच्या अधिकारांना धक्का लागत असेल तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती हवी. ही तटबंदी लोकांना बाहेर ठेवण्यासाठी नाही. आत जे दुर्बळ बसले आहेत त्यांच्या रक्षणासाठी आहे. आणि घटनेच्या जन्माची हकीकतच पाहा. घटनासमिती तरी सर्व लोकांनी कोठे निवडली होती? १९४६च्या प्रांतिक निवडणुकांत मालमत्ता, शिक्षण आणि करभरणा यांच्या अटींनी मताधिकार जखडलेला होता. त्या मतदारांनी निवडलेल्या कायदेमंडळांनी घटनासमितीचे सभासद निवडून दिले. बाबासाहेब प्रथम बंगालमधून गेले, आणि फाळणीने ती जागा गेल्यावर जुलै १९४७मध्ये मुंबई प्रांतातून पुन्हा निवडले गेले. अशा तोकड्या मताधिकारावर उभ्या राहिलेल्या समितीने देशातील प्रत्येक प्रौढ माणसाला मत दिले आणि अस्पृश्यता नष्ट केली. तुम्ही खेड्यापाड्यांत आयुष्य घालवले आहे, तेव्हा तुम्हीच सांगा : कलम १७ त्या वेळी गावोगाव कौलासाठी मांडले असते, तर किती गावांनी ते मान्य केले असते?"

या प्रश्नाला गुरुजींनी तत्काळ उत्तर दिले नाही, आणि त्यांच्या त्या मौनाचा मला आदर वाटला. कारण प्रश्न खरा होता, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर प्रिय नव्हते.

"फारशा गावांनी केले नसते," अखेर ते म्हणाले. "ते मी मान्य करतो. परंतु त्या समितीने दार लोटून घेतले नव्हते हेही तुम्ही मान्य करा. मसुदा फेब्रुवारी १९४८मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर लोकांनी विचार करावा, सूचना पाठवाव्यात, यासाठी सुमारे आठ महिने तो लोकांसमोर राहिला. आपल्या शेजारच्या कल्याण कॅम्पात, जेथे पुढे उल्हासनगर वसले, सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे लष्करी बराकींत दिवस काढीत होती त्याच काळात पहिल्या मतदारयाद्या तयार होत होत्या; निर्वासिताने येथे कायम राहण्याचा आपला इरादा जाहीर केला की तेवढ्यावर त्याचे नाव यादीत घ्यावे असे ठरले होते; आणि जेथे अंमलबजावणीत कुचराई होई तेथून निर्वासितांच्या संस्था घटनासमितीच्या सचिवालयाला पत्रे लिहीत आणि मसुद्यातील कलमांचा हवाला देऊन आपला हक्क मागत. घटना अजून मंजूर व्हायची होती, पण छप्पर गमावलेली माणसे तिच्यावर बोट ठेवून वाद घालू लागली होती. आता आजचे पाहा. लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकाच वेळी घ्याव्यात का, याचा विचार करण्यासाठी माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली होती, तिने जानेवारी २०२४मध्ये नागरिकांच्या सूचना मागवल्या. मुदत होती पाच तारखेपासून पंधरा तारखेपर्यंत. एकवीस हजार पाचशे अठ्ठावन्न उत्तरे आली. सत्त्याण्णव कोटी मतदारांच्या देशात!"

"आणि त्यांतली शेकडा ऐंशी अनुकूल होती," वकीलसाहेबांनी पुस्ती जोडली. "ती एकवीस हजार माणसे कोण होती, कोणत्या तालुक्यांतली होती, प्रतिकूल असलेल्यांनी कोणती कारणे दिली, याचा त्या टक्केवारीवरून काही उलगडा होत नाही. त्या प्रस्तावावर तुमचे माझे मत काहीही असो. नुसत्या संख्येवर मी तरी कोणताही खटला चालवला नसता. म्हणून तर मी म्हणतो, लोकांना विचारण्याचे हे सोंग नको. घटनादुरुस्तीचे विधेयक गेल्या डिसेंबरात लोकसभेत मांडले गेले आणि आता दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीपुढे आहे; ते तेथेच तपासले जाऊ द्या."

"सोंग नको, एवढ्यावर आपण एक आहोत," गुरुजी म्हणाले. "पण सोंग नको म्हणून खरेही नको, असे का?"

एवढ्यात घरातून गवती चहाचा वास आला आणि पाठोपाठ चहा आला. वकीलसाहेबांनी कपाला हात लावला नाही. त्यांचा आवाज मात्र आता न्यायालयातला राहिला नव्हता. "मी सनद घेतली तेव्हा आणीबाणी होती. विरोधी पक्षांचे पुढारी तुरुंगात होते, लोकसभेची मुदत वाढवून घेतली होती, आणि तशा लोकसभेने बेचाळिसावी घटनादुरुस्ती मंजूर केली. तेव्हा मला प्रथम वाटले की संसदेवर एवढा विश्वास टाकणे चुकीचे आहे. पुढे जनता पक्षाच्या सरकारने १९७८मध्ये जे दुरुस्ती विधेयक आणले, त्यात एक कलम असे होते की, घटनेचे लोकशाही किंवा धर्मनिरपेक्ष स्वरूप, मूलभूत हक्क, मुक्त निवडणुका, न्यायालयांचे स्वातंत्र्य, यांना बाध आणणारा बदल करायचा असेल तर त्यावर जनतेचा प्रत्यक्ष कौल घ्यावा. लोकसभेने ते मंजूर केले. राज्यसभेने ते गाळले. मी तेव्हा तरुण होतो, आणि माझ्या ज्येष्ठांनी मला विचारले की हे कलम राहावे असे तुला वाटते का. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी नाही म्हणालो. आजही नाहीच म्हणतो. ज्या दिवशी बहुसंख्येने अल्पसंख्येचा हक्क काढून घेण्याची वाट कायद्याने मोकळी होते, त्या दिवशी हक्क हा हक्क राहत नाही, मेहेरबानी होते."

"गोव्याचे काय?" मी मध्येच विचारले, आणि विचारल्यावर माझ्या लक्षात आले की मराठी माणसांच्या आठवणीत घटनात्मक प्रश्नावर लोकांना खरोखर विचारल्याचा हाच एक मोठा दाखला आहे.

वकीलसाहेबांनी मान डोलावली. "गोव्याचा जनमत कौल १६ जानेवारी १९६७ला झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे, हा प्रश्न. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळेपणाची दोन पाने. फुलाला एक लाख अडतीस हजार एकशे सत्तर मते पडली, दोन पानांना एक लाख बहात्तर हजार एकशे एक्याण्णव. चौतीस हजार एकवीस मतांनी गोवा वेगळा राहिला. पण लोकांना विचारले काय? फूल की पाने, एवढेच. स्वतंत्र राज्य हवे का, हा पर्याय त्या कागदावर नव्हता. ते राज्य वीस वर्षांनी, ३० मे १९८७ला झाले, आणि ते संसदेने केले. ज्याने प्रश्न लिहिला त्याने अर्धे उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते."

येथे मला, त्या दोघांच्या बोलण्याच्या ओघाबाहेरचा, आमच्या कोकणातल्या देवळांचा एक प्रघात आठवला. घरात पेच पडला की देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या किंवा पाने चिकटवून गुरव गाऱ्हाणे घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर देवाची अनुमती, डावी पडली तर नाही, असे मानतात. देवाला प्रश्न फोडून विचारता येत नाही आणि देवही ‘होय, परंतु’ असे कधी म्हणत नाही. गोव्याच्या मतपत्रिकेवर फूल आणि पाने याच निशाण्या याव्यात हा योगायोग असेल. पण जनतेला देव मानून तिला फक्त कौल लावायचा, आणि तिच्याशी बसून बोलायचे मात्र नाही, ही वृत्ती काही योगायोगाची नव्हे, असे मला त्या क्षणी वाटले.

गुरुजींनी मात्र त्याच हकिगतीचे दुसरे अंग पुढे केले. "तुम्ही मतदानाचा दिवस सांगितलात, त्याच्या आधीचे आणि नंतरचे महिने सांगितले नाहीत. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून दयानंद बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६मध्ये राजीनामा दिला. गावोगाव सभा झाल्या, वर्तमानपत्रे दोन्ही बाजूंनी लढली, घराघरांत वाद झाले. आणि कौलानंतर दोनतीन महिन्यांनीच विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा ज्या मतदारांनी विलीनीकरण नाकारले त्यांनीच विलीनीकरणवादी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. वकीलसाहेब, सामान्य माणसाला घटनेचा प्रश्न आणि पक्षाचा प्रश्न यांतला भेद कळत नाही असे आपण म्हणतो. त्या गोवेकरांना तो केवढा नेमका कळला होता! त्याचे श्रेय मी मतपेटीला देत नाही. आधी झालेल्या खलाला देतो. खल झाला असेल तरच कौलाला अर्थ. खलाविना कौल म्हणजे पाकळी पडणे."

"आणि खल करणार कोण?" वकीलसाहेब पुढे सरसावले. "बाराजण एका खोलीत बसवले म्हणजे खल होतो असे तुम्हाला वाटते. आमच्या धंद्यात तो प्रयोग होऊन गेला आहे. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात नौदलातील कमांडर नानावटी यांच्यावर खुनाचा खटला चालला. नऊ सामान्य नागरिकांची ज्यूरी होती. न्यायालयाबाहेर एक साप्ताहिक आरोपीची बाजू घेऊन लोकमत पेटवीत होते. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय पुराव्याशी इतका विसंगत वाटला की त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने दोषी ठरवले, आणि १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. ज्यूरीवरचा विश्वास उडाला, आणि १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. नऊ माणसांना एका गोळीबाराचा पुरावा नीट तोलता आला नाही. त्यांच्या हाती तुम्ही राज्यघटना देणार?"

गुरुजी उठले. पडवीच्या कडेला जाऊन, जेथून नदीकडची झाडे दिसतात तेथे, क्षणभर उभे राहिले आणि मग वळून म्हणाले, "त्या नवव्या माणसाचे म्हणणे काय होते?"

"कोणत्या नवव्या?"

"आठ विरुद्ध एक, असे तुम्हीच सांगितलेत. तो जो एक होता, आणि जो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बरोबर ठरला, त्याने आतल्या खोलीत काय सांगितले? बाकीच्या आठांनी त्याला काय उत्तर दिले?"

वकीलसाहेब म्हणाले, "ते कोणालाच माहीत नाही. ज्यूरीला कारणे द्यावी लागत नाहीत. प्रमुखाने उठून निर्णय आणि मतांचे प्रमाण सांगायचे, एवढेच."

"तर मग दोष सामान्य माणसांचा, की त्यांच्याकडून कारणे न मागणाऱ्या पद्धतीचा? आणीबाणीतच, एप्रिल १९७६मध्ये, नागरिकाला बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येईल की नाही या प्रश्नावर पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी नाही म्हटले, आणि एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी भिन्नमतपत्रिका लिहिली, हे तुम्हीच मला या पडवीत कितीदा सांगितले आहे. ते चौघे काही सामान्य नागरिक नव्हते. देशातील श्रेष्ठ कायदेपंडित होते, आणि चुकले. पण तेथे एकाचे म्हणणे कारणांसह दप्तरात राहिले, म्हणून २०१७मध्ये त्याच न्यायालयाला आपली चूक उघडपणे मोडीत काढता आली. ज्यूरीतला तो एकजण मात्र तसाच विरून गेला. मला सामान्य माणसाच्या हाती निर्णय नको आहे, वकीलसाहेब. कलम ३६८ तुम्ही आहे तसे ठेवा. न्यायालयाने आखलेली मूळ चौकटही ठेवा. निर्णयाच्या आधी त्याची जबानी नोंदवली जावी, एवढेच मी मागतो."

मी पाहत होतो. वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर प्रतिपक्षाचा मुद्दा मनोमन मान्य करणाऱ्या माणसाची ती शांतता आली होती. तरी ते सहज हटणारे नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याबद्दल केलेले भाषण त्यांनी काढले. खेडे हे संकुचित वृत्तीचे आणि अज्ञानाचे आगर आहे, म्हणून घटनेने खेडे नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला, हा त्याचा आशय त्यांनी सविस्तर उलगडला. जुन्या काळी वतनाच्या आणि शिवेच्या तंट्यांत गोतसभा बसे, पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत सगळे जमत, आणि महजरावर ज्याच्या त्याच्या धंद्याची निशाणी उमटे, याचा आपण अभिमान धरतो. पण शिवेच्या वादात ज्या महाराची साक्ष प्रमाण मानीत, त्याला सभेत कोठे बसवीत, हे विचारले की अभिमान खाली बसतो, असे ते म्हणाले. "खलाच्या खोलीत जातीची उतरंड बाहेर काढून ठेवता येत नाही, गुरुजी. कागदावर सगळ्यांची निशाणी असते, आणि बोलतो एकटा पाटील."

त्यावर गुरुजींनी जे सांगितले ते मी त्यांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकले नव्हते. "माझे अक्षर चांगले," ते म्हणाले, "म्हणून एका गावी, गावाचे नाव मी घेणार नाही, ग्रामसभेचा वृत्तान्त लिहायला मला बसवीत. पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब होई; तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसे, म्हणून मग तीच खरी सभा. बायका दाराबाहेर उभ्या. पाड्यावरची कातकरी माणसे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली, त्यामुळे जानेवारीच्या सभेला त्यांच्यापैकी कोणीच नाही. एकजण ठराव वाचून दाखवी, दुसरा ‘मंजूर’ म्हणे, आणि मी लिही : सर्वानुमते मंजूर. एकदा गायरानाच्या ठरावाच्या वेळी मागून एक म्हातारा काहीतरी बोलला. सगळ्यांनी मागे वळून पाहिले, आणि तो खाली बसला. मी तेव्हाही लिहिले, सर्वानुमते मंजूर. तो काय बोलला हे मला ऐकू आले होते, वकीलसाहेब. ऐकू आले होते आणि मी ते लिहिले नाही. त्या एका शब्दाचे ओझे मी आजवर वागवतो आहे. म्हणून तुम्ही खेड्याविषयी जे सांगता ते मला परके नाही. पण त्यावरून तुम्ही म्हणता की खेड्याला विचारू नये, आणि मी म्हणतो की त्या म्हाताऱ्याला कसे विचारावे ते आपण शिकावे."

"कसे विचाराल?"

"चिठ्ठी काढून." गुरुजींनी हे इतक्या सहजपणे म्हटले की मला हसू येईल असे त्यांना वाटले असावे, पण ते पुढे बोलत राहिले. "तहसील कचेरीत सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा एखाद्या शाळकरी मुलाला पुढे बोलावून त्याच्या हातून चिठ्ठी काढवतात, आणि पाच वर्षे तालुक्यातील राजकारण त्या मुलाच्या हाताप्रमाणे चालते. निवडणुकीत समसमान मते पडली तर ईश्वरचिठ्ठी निघते. २०१७मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या एका जागेचा निकाल तसाच लागला. चिठ्ठीवर आपल्या लोकांचा भरवसा आहे, कारण चिठ्ठीला कोणाची भीड नसते. तमिळ प्रांतात उत्तरमेरूर गावी दहाव्या शतकातला चोळ राजा परांतकाच्या काळचा शिलालेख आहे. त्यात ग्रामसभेच्या समित्यांसाठी ताडपत्रावर नावे लिहून घड्यात टाकावी आणि लहान मुलाकडून काढवावी, अशी तपशीलवार पद्धत कोरलेली आहे. आयर्लंडने २०१६मध्ये अशाच तऱ्हेने नव्व्याण्णव नागरिक निवडले, एका न्यायाधीशबाईंना अध्यक्ष केले, आणि गर्भपाताच्या घटनात्मक बंदीचा प्रश्न, जो तेथील राजकीय पुढाऱ्यांना पस्तीसएक वर्षे हाती धरवत नव्हता, तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी अनेक शनिवार-रविवार दोन्ही बाजूंचे जाणकार ऐकले, कारणांसह शिफारस केली. मग संसदेने विचार केला. आणि शेवटी, मे २०१८मध्ये, कौल झाला."

वकीलसाहेबांनी लागलीच उलटतपासणी घेतली. त्याच आयर्लंडमध्ये मार्च २०२४मध्ये कुटुंब आणि शुश्रूषा यांविषयीच्या दोन दुरुस्त्या लोकांनी फेटाळल्या, हे त्यांना माहीत होते. आइसलंडमध्ये नागरिकांनी बनवलेला मसुदा २०१२च्या कौलात मान्य होऊनही तेथील संसदेने तो बाजूला ठेवला, हेही. गुरुजींचे उत्तर एवढेच होते की आयर्लंडमधल्या त्या दुरुस्त्यांचे शब्द नागरिकांनी सुचवलेले नव्हते, सरकारने बदललेले होते. पण वकीलसाहेबांचा खरा वार उत्तरमेरूरवर होता.

"त्या घड्यात कोणाच्या नावाची चिठ्ठी होती, गुरुजी? त्याच शिलालेखात पात्रतेच्या अटी आहेत : स्वतःची करपात्र जमीन हवी, स्वतःच्या जागेत घर हवे, वेदविद्या हवी. मुलाचा हात निष्पाप होता; घडा निष्पाप नव्हता."

"म्हणून आज घड्यात मतदारयादी घालायची," गुरुजी म्हणाले, "जिच्यात अंगठा उठवणारीचे आणि तुमचे नाव एकाच टायपात छापलेले असते. बाबासाहेबांनी आपल्याला तो घडा दिला. आपण त्याचा उपयोग पाच वर्षांतून एकदा करतो."

त्या वाक्यानंतर पडवीत बराच वेळ कोणी बोलले नाही. नदीकडून सहलीला आलेल्या मुलांचा कल्लोळ येत होता. हेच भातसेचे पाणी खाली पिसे येथे उचलले जाऊन मुंबईच्या घराघरांत जाते. ते कोठून येते हे तेथील फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ज्यांच्या शिवारातून ते जाते त्यांच्याशी त्या शहराने कधी बसून बोलावे असा प्रसंगही येत नाही, हे मला तेव्हा उगाच जाणवले.

मग वकीलसाहेबांनी जे विचारले, त्यात विरोध उरला नव्हता. होती ती दस्तऐवज तपासणाऱ्याची चिकित्सा. चिठ्ठी वीटभट्टीवरच्या बाईच्या नावाची निघाली तर तिचा रोज कोण भरून देणार? तिचे मूल कोण सांभाळणार? मालकाचा भाऊही त्याच समितीत असला तर ती तोंड उघडेल का? गुरुजींनी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे उदाहरण दिले, जेथे २००४मध्ये निवडणूकपद्धतीच्या विचारासाठी प्रत्येक मतदारसंघातून एक स्त्री आणि एक पुरुष चिठ्ठीने घेतले होते, आणि बैठकीच्या दिवसाचा भत्ता दिला होता. आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचे दिले, जेथील गोंड ग्रामसभा कोणताही निर्णय बहुमताने करीत नाही. आधी अभ्यासगटात विषय शिकून घेते, आणि एकाचाही विरोध असला तर निर्णय पुढे ढकलून पुन्हा बसते. याच रीतीने त्या गावाने आपल्या सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क २००९मध्ये मिळवला. "मेंढ्यात शंभरएक घरे आहेत, आणि सगळी एका जमातीची," वकीलसाहेब म्हणाले, "तेथली सहमती येथे आणाल तर ती पुन्हा तुमची ‘सर्वानुमते’ होईल."

"होईल," गुरुजींनी कबूल केले. "ती भीती मलाही आहे."

ते आत गेले आणि शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलेला एक मसुदा घेऊन आले. पुढच्या ग्रामसभेपुढे ठेवण्यासाठी त्यांनी तो तयार केला होता : गावच्या मतदारयादीतून शाळेतल्या मुलीच्या हातून बारा चिठ्ठ्या काढाव्यात; त्या बाराजणांनी ओळीने चार रविवार बसून संसदेच्या संयुक्त समितीपुढे असलेले घटनादुरुस्ती विधेयक समजून घ्यावे; बाजूने बोलणारा एक आणि विरुद्ध बोलणारा एक जाणकार कल्याणहून बोलवावा; आणि जे ठरेल ते समितीला टपालाने पाठवावे.

"ग्रामसभेला असा अधिकार कोणत्या कलमाने?" वकीलसाहेबांनी कागद हातात घेता घेता विचारले.

"कोणत्या कलमाने मनाई आहे?"

वकीलसाहेबांनी खिशातले पेन काढले. ‘बारा’च्या पुढे त्यांनी ‘पैकी सहा स्त्रिया’ असे घातले. रविवारच्या ओळीशेजारी ‘रोजंदारी भरून देण्याची तजवीज’ असे लिहून त्याखाली रेघ ओढली, आणि पहिल्या वर्षीची रक्कम आपण देऊ असे पुटपुटले. ‘जानेवारी’ खोडून ‘पावसाळ्यात, भट्ट्या बंद असताना’ असे केले. माझ्या गाडीची वेळ झाली होती, म्हणून मी उठलो. स्टेशन जवळ असले तरी कसाऱ्याहून येणारी गाडी चुकली की पुढची लवकर येत नाही. निरोप घेऊन पडवीच्या पायऱ्या उतरताना मी मागे पाहिले. मसुद्याच्या शेवटच्या ओळीत गुरुजींच्या वळणदार अक्षरात, बहुधा जुन्या सवयीने, ‘सर्वानुमते’ असे पडले होते. वकीलसाहेबांनी तो शब्द खोडला, त्याच्या जागी ‘मतभेदासह’ असे लिहिले, आणि त्याखाली ज्याला वेगळे म्हणायचे आहे त्याच्या नावासाठी आणि कारणांसाठी चार ओळींची कोरी जागा सोडून कागद गुरुजींपुढे सरकवला. गुरुजी ती कोरी जागा बोटाने मोजून पाहत होते, आणि ती पुरेल का, असे विचारीत होते.